वाकळेचा घास

१

कडेगावातून बाहेर पडलं की उसाची रानं सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताला मानसिंगांचं घर लागतं. घर साधंच, पण परसात नजर टाकल्याशिवाय रस्त्यानं जाणारा पुढं जात नसे. हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाल्यावर मानसिंग भाज्यांच्या मागं लागले. भाज्या म्हणजे कशा, तर दोरी धरून आखलेल्या रांगेत, सारख्या अंतरावर, सावधानमध्ये उभ्या. एखादं वांग्याचं रोप रांग सोडून वाकलं की मानसिंग त्याला हिंदीत झापत. रोपं ऐकत होती की नाही कोण जाणे, पण वांगी अशी धरत की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

परस त्यांचं, तर मधली खोली बनुबाईची. पंचवीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून तीही नुकतीच मोकळी झाली होती, आणि मोकळं बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. दारावर दोऱ्याचं तोरण, टीव्हीवर जाळीचा रुमाल, गॅसच्या टाकीलासुद्धा लोकरीची झालर. मानसिंग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मी एका जागी लय वेळ बसत न्हाई. न्हाईतर ही मलाबी झालर लावंल."

दिवाळीनंतरचे दिवस होते. त्यांची एकुलती लेक सोनिया, तासगावला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कराडच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी घरी येणार होत्या. बाळीसाठी बनुबाईनं एक लहानगी वाकळ, जुन्या कापडांची गोधडी, शिवायला घेतली होती. स्वतःच्या लग्नातल्या इरकली लुगड्याचा पदर, सोनियाचा शाळेतला निळा फ्रॉक, मानसिंगांच्या धुऊन धुऊन मऊ पडलेल्या बंड्या, असं सगळं घर तिच्यात थरावर थर बसलं होतं. शेजारच्या वस्तीवरची दगडाबाई मदतीला होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही म्हातारी एरवी लोकर कातत बसायची. तिचा टाका लांब आणि तिची जीभ त्याहून लांब.

"एवढं बारीक शिवतीस, पोरगी काय टाकं मोजाय आलीय व्हय?" ती म्हणाली. "आन् ऊन उतरलं, मी चालले. कोपरा मिटायच्या आधी घास घाल, इसरू नगंस."

"मावशी, मी कवा इसरलेय का?"

वाकळेचा शेवटचा कोपरा मिटताना तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा, ही त्यांच्याकडची चाल. वाकळ उपाशी शिवायची नाही. बनुबाईच्या आईनं घातला, तिनंही आजवर प्रत्येक वाकळेला घातला. तिनं चतकोर भाकरी आणि गुळाचा खडा ताटलीत ठेवला, ताटली वाकळेवर ठेवली आणि देव्हाऱ्यातून हळदीकुंकू आणायला गेली.

परत येते तर मानसिंग मातीच्या हातानं तोंड पुसत उभे.

"गूळ लय झ्याक हाय गं," ते म्हणाले. "अजून हाय का?"

"आवं, तो वाकळेचा घास हुता!"

"मग मला काय ठावं? ताटात हुतं, खाल्लं. फौजेत ताट समोर आलं की इचारत न्हाईत."

बनुबाईनं कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच फुटलं. पीठ संपलं होतं, डबा गिरणीत होता, ऊन भिंतीवर चढलं होतं. शिवाय कापडात अन्न शिवलं की मुंग्या होतात, असं तिच्यातल्या अंगणवाडीच्या बाईला नेहमीच वाटायचं. बाळाच्या अंगाखाली तर नकोच. जाऊ दे, म्हणून तिनं कोपरा तसाच मिटला.

शेवटचा टाका ओढताना मात्र एक गंमत झाली. ती दोरा आपल्याकडं ओढत होती आणि दोरा आत चालला होता, थोडासाच, वीतभर. बोटं घामेजली असतील, असं म्हणून तिनं तो दातानं तोडला.

२

सकाळी जीप दारात आली. बनुबाईनं सोनियावरून आणि बाळीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मायलेकी घरात आल्या. बाळी एवढीशी, नाकाच्या जागी नुसता ठिपका, पण भुवया थेट आजोबांच्या. मानसिंगांनी तिला सॅल्यूट ठोकला आणि मग डोळ्यांत कचरा गेल्याचं निमित्त करून परसात पळाले.

मधल्या खोलीत वाकळ अंथरली होती. बाळीला तिच्यावर ठेवलं आणि ती तिथंच झोपली. एखादं लेकरू दूध पिऊन झोपतं, एखादं रडून झोपतं. ही पाठ टेकली की झोपायची. दुपार उलटली तरी तिची चुळबूळ नाही. सोनियाला सुखाची झोप लागली.

"आई, तिकडं दवाखान्यात निस्ता दंगा घातलावता हिनं," उठल्यावर ती म्हणाली. "हितं आल्यापास्नं बघ की. काय जादू हाय गं तुझ्या वाकळंत?"

बनुबाईला मूठभर मांस चढलं. तिनं दगडाबाईला मुद्दाम बोलावून झोपलेलं बाळ दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. घर शांत होतं. मानसिंग ओसरीवर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. तेव्हा मधल्या खोलीतून बारीक आवाज आला. मचक, मचक. थोडं थांबून पुन्हा मचक. करडू आईला लुचतं तसा. बनुबाई डोकावली. सोनिया भिंतीकडं तोंड करून झोपलेली, बाळी वाकळेवर, दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या. आवाज थांबला होता. लेकरं झोपेत चोखतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती परत लाडवांकडं वळली.

रोज अकराच्या उन्हात बाळीची आंघोळ चाले, तेवढ्या वेळात बनुबाई वाकळ झटकून परसात वाळत घाली. मांडवाच्या दोरीवर टाकली की तिचा एक कोपरा खाली वांग्यांच्या रांगेवर येई आणि वाऱ्यानं हलत राही.

३

चौथ्या दिवशी भरली वांगी करायची म्हणून बनुबाईनं मांडवाजवळची चार वांगी तोडली. जांभळी, चकचकीत, देठाला काटे. हातात घेतली तर हलकी लागली. विळीवर एक चिरलं आणि ती बघत राहिली. आत काही नव्हतं. गर नाही, बी नाही. साल जशीच्या तशी, आणि आत पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं.

दुसरंही तसंच निघालं, तिसरंही. तिनं मानसिंगांना हाक मारली.

"आळी," मानसिंग म्हणाले. "फळ पोखरणारी आळी."

"आळी मग गेली कुठनं आत? भोक दावा मला."

मानसिंगांनी चष्मा लावून वांगं फिरवून फिरवून बघितलं. भोक नव्हतं. आळीची घाण नव्हती, कूज नव्हती, वास नव्हता. त्यांनी धागे चिमटीत धरून ओढले. ते चिवट होते.

"नवीन जातीची आळी हाय," ते म्हणाले. आपल्या पलटणीत शत्रू शिरला म्हणून त्यांचा चेहरा पडला होता. "आजच निंबोळी मारतो. एकेकीला बघून घेतो."

त्यांनी फवारा पाठीला बांधला आणि आळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत रांगेत घुसले. बनुबाईला त्यांचा अवतार बघून हसू आलं. दोडक्याची भाजी केली, जेवणं झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सहज म्हणून रांगेतली सगळी वांगी एकेक करून दाबून बघितली. परसाच्या कडेची भरलेली होती. टोकाची भरलेली होती. पोकळ होती ती मांडवाच्या दोरीखालची, वाकळेचा कोपरा लोळतो तेवढीच. शेजारच्या टोमॅटोच्या झाडाची एक फांदीही त्या बाजूला वाकली होती. तिच्यावरचा लालबुंद टोमॅटो तिनं दाबला, तशी साल पिचकून आत गेली आणि बोटाला दोरे लागले.

तिनं बोट पदराला पुसलं. मग स्वतःलाच म्हणाली, "बनुबाय, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" सावली पडत असेल. रंग उतरला असेल कापडाचा. अंगणवाडीत ती बायांना सांगायची, दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या म्हणून एकीनं दुसरीला जन्म दिला असं नसतं. बायांना पटायचं. आज तिला स्वतःला ते पटवायला जड गेलं.

वाकळ दोरीवरून काढून तिनं घडी घातली. पहिल्या दिवशी ती एका हातानं झटकत होती. आज घडी छातीशी धरून न्यावी लागली.

४

त्या संध्याकाळी दगडाबाई पुन्हा बाळीला बघायला आली. बसायला म्हणून वाकळेचं टोक जरा सरकवलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"हिच्यात काय भरलंस गं? लय जड झालीय."

"काय न्हाई मावशी. तुमीच शिवलीय की माझ्यासंगं."

"व्हय की," म्हातारी म्हणाली. ती मग वाकळेवर न बसता उंबऱ्यावर बसली, दोन घटका गप्पा मारून गेली. गप्पांमध्ये तिनं एकदाही थट्टा केली नाही.

बनुबाईनं बाळीला उचलून मांडीवर घेतलं, आणि पुन्हा एकदा उचलून बघितलं.

तिच्या हातांनी गावातली किती लेकरं जोखली होती त्याचा हिशेब नव्हता. काट्याच्या झोळीत घालायच्या आधीच तिला वजन कळायचं आणि काटा तेच सांगायचा. बाळी हलकी होती. गाल तसेच होते, पोट तसंच होतं, दिसायला काही उणं नव्हतं. पण उचलताना वांगं उचलल्यासारखं वाटलं, आणि हा विचार मनात आल्याबरोबर तिनं बाळीला छातीशी घट्ट धरलं.

"सोने, दूध पिती का गं ही?"

"पिती की. थोडं थोडं. मागत न्हाई पण. लय गुणी हाय."

पहिल्या दिवसांत लेकराचं वजन थोडं उतरतंच, मग भरतं, हे बनुबाईच सगळ्यांना सांगत आली होती. तरी सकाळी तिनं अंगणवाडीतून काटा मागून आणला. काट्यानं दवाखान्यातल्यापेक्षा बरंच कमी सांगितलं. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळीला तपासलं, जीभ बघितली, डोळे बघितले, आणि म्हणाल्या, बाळ छान आहे, उठवून उठवून पाजा, बारसं झालं की पुन्हा आणा.

उठवून उठवून पाजायचं म्हणजे आधी बाळ उठायला हवं. सोनिया तळपाय चोळी, गालाला ओला हात लावी. बाळी डोळे उघडून आईकडं शहाण्यासारखी बघे, दोन घोट घेई आणि पुन्हा मिटे. जिला भूकच नाही तिला पाजणार कसं? आणि रडणं तर घरात कुणी ऐकलंच नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, असं बाळ नशिबानं मिळतं. बनुबाईला आता ते कौतुक ऐकवत नव्हतं.

५

बारशाच्या आदल्या दिवशीची दुपार. सोनिया न्हाणीत शेक घेऊन आंघोळ करत होती. मानसिंग परसात पाळण्याच्या दोरीला झेंडू ओवत होते आणि झेंडूलाही एका ओळीत ठेवत होते. बनुबाई ओसरीवर घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती.

मचक, मचक.

ती उठली. आज पाय न वाजवता गेली. बाळी वाकळेवर उताणी होती. ओठ मिटलेले, मुठी दुपट्यात. झोपलेली होती, आणि आवाज चालूच होता. आवाज तिच्या तोंडातून येत नव्हता. तिच्या अंगाखालून येत होता.

बनुबाईनं वाकून बाळीला उचललं. बाळीबरोबर वाकळही वर आली. टाचणीला अडकलं असेल, असं तिला वाटलं, पण टाचणी कुठंच नव्हती. तो शेवटचा कोपरा बाळीच्या टाचेला धरून हातभर वर आला, ताणला आणि मग, नाइलाजानं सोडावं तसा, सुटून खाली पडला. टाच ओली होती.

बनुबाई ओरडली नाही. ती बाळीला घेऊन थेट परसात गेली.

"आवं, हिला धरा. खाली ठेवू नगा."

"काय झालं?"

"काय न्हाई. धरा म्हणते न्हवं!"

मानसिंगांनी झेंडू टाकला आणि नातीला धरलं. लग्न झाल्यापासून बायकोचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते आणखी काही विचारायच्या आत ती घरात गेलीसुद्धा.

तिनं टोपल्यातली भाकरी काढली. तिनं तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि मधल्या खोलीत गेली. दार लोटून घ्यावं की उघडं ठेवावं, हे तिला कळेना. तिनं ते अर्धं लोटलं. वाकळेवर बाळीच्या अंगाचा खळगा तसाच होता, आणि कोपरा त्या खळग्याकडं वळलेला होता.

ती गुडघ्यांवर बसली. आपण अडाण्यासारखं वागतोय, असं तिच्या मनानं एकदा सांगून बघितलं. मग तिनं आपलेच टाके कापले.

आत कापडाचे थर लागायला हवे होते. लुगडं, फ्रॉक, बंड्या. थर नव्हते. ऊब होती. तिनं घास धरलेली बोटं आत घातली, मग हात आत गेला, मग मनगट, मग कोपरापर्यंत. वाकळ दोन बोटं जाडीची होती आणि खाली फरशी होती. बनुबाईनं एकदा फरशीकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

मग आतून कुणीतरी घास घेतला.

हिसकावला नाही. हळू घेतला, चाचपत, पहिल्यांदाच खाणाऱ्यासारखा. गुळाशी जरा थांबलं. भाकरी संपली तेव्हा तिची बोटं चोखू लागलं. दात नव्हते. नुसत्या हिरड्या, ओल्या आणि गरम. अशी तोंडं तिनं आयुष्यभर बोटानं पुसली होती, आणि तिच्या मनात भीतीच्या जोडीनं जे आलं ते तिला त्या क्षणी नको होतं. तिला वाईट वाटलं. किती दिवस उपाशी आहे हे, असं वाटलं.

तिनं हात काढून घेतला आणि कोपरा शिवून टाकला. टाके वाकडे पडले. शेवटची गाठ मारते न मारते तोच परसातून बाळी रडली. रडली म्हणजे काय, टाहो फोडला. सोनिया ओल्या केसांनी धावत बाहेर आली.

"भुकंजलीय गं ही!" तिचा आवाज आनंदानं चिरकला. "आई, बघ, कसं तोंड मारतीय!"

"आवाज बघ पोरीचा," मानसिंग म्हणाले. "सगळी पलटण हालवंल."

बनुबाई दारात उभी राहून रडली, आणि सगळ्यांनी ते आनंदाचं धरलं. ते तसंही होतंच.

६

बारसं दणक्यात झालं. नाव राजनंदिनी ठेवलं, हाक बाळीच राहिली. आदल्या दुपारपासूनच वाकळ बाळीच्या अंगाखाली गेली नव्हती. बनुबाईनं ती लोखंडी ट्रंकेत टाकली आणि सोनियाला सांगितलं की धुवायला काढलीय.

घास घातला, फिटलं, असं बनुबाईला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंकेतून पुन्हा आवाज आला. तिनं कान झाकून बघितलं. मग उठून पुन्हा टाके कापले. रोज कापून रोज शिवणं काही खरं नव्हतं, म्हणून तिनं कोपऱ्याला एक मोठी गुंडी लावली आणि दोऱ्याचा फास विणला. बसवली छान, उशीच्या अभ्र्याला शोभेलशी. कोरडी भाकरी त्या हिरड्यांना जड जाते हे लक्षात आल्यावर ती दुधात कुस्करून देऊ लागली.

वाकळ चुलीत घालायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. एकदा तिनं ती न्हाणीच्या चुलवणापर्यंत नेलीही. पण उपाशी होतं म्हणून ज्यानं तोंड उघडलं, त्याला जाळायचं कसं? आणि जळताना ते रडलं तर? ती परत आली. मानसिंगांना तिनं सांगितलं नाही. ते आधी पोट धरून हसले असते, आणि मग आपण खाल्लेल्या त्या चतकोर भाकरीपायी त्यांना अन्न गोड लागलं नसतं.

वांगी भरू लागली. मानसिंगांनी आपल्या निंबोळीच्या अर्काची कीर्ती गावभर केली आणि लोक बाटल्या घेऊन दारात यायला लागले. बाळीही भरली. काटा रोज पुढं सरकत होता, मांड्यांना वळ्या पडल्या, आणि रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. बनुबाई ते रडणं ऐकत निवांत विणत बसायची.

सव्वा महिन्यानं सोनिया तासगावला निघाली तेव्हा पिशवीत तिला वाकळ दिसली नाही.

"उंदरानं कुरतडली," बनुबाई म्हणाली, आणि लाल मऊ लोकरीचं नवं पांघरूण तिच्यापुढं ठेवलं.

"एवढी चांगली वाकळ! दे की तशीच, मी रफू करून घेते."

"नगं."

"आई, तू माझ्यासाठीच शिवलीवतीस न्हवं?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून बनुबाईचं काळीज हललं. पण ती हटली नाही. सोनिया रुसून जीपमध्ये बसली आणि कोपऱ्यापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

७

रुसवा फोनवरच्या पहिल्याच व्हिडिओत गेला. बाळी पालथी पडली, बाळी बसली, बाळीनं सासरच्या बेदाण्याच्या शेडवर तिकडच्या आजोबांच्या मिशा ओढल्या, सगळं बनुबाई रोज बघत होती. रोज दुपारी मानसिंग पेंगले की ट्रंक उघडत होती. एका लेकराचं कौतुक संपलं की दुसऱ्याचा घास, असा तिचा दिवस ठरून गेला. तिला आता त्याची भीतीही फारशी वाटत नसे. कधी कधी ती त्याच्याशी बोलायची. आज मेथी हाय, खाशील का? आणि मेथी जायची.

बेंदराला, बैलांच्या सणाला, सोनिया येणार होती. पोळ्यांचं पुरण वाटता वाटता दुपार कलली आणि घास द्यायला उशीर झाला. येणारी मंडळी संध्याकाळी येतील, अशा हिशेबानं बनुबाईनं मधल्या खोलीत बसून वाकळ मांडीवर घेतली आणि गुंडी सोडली.

कुस्करा संपला. नेहमीप्रमाणं ते बोट चोखू लागलं. आणि तिच्या बोटाला काहीतरी टोचलं.

तिनं दुसरं बोट फिरवून चाचपलं. खालच्या हिरडीला, मधोमध, तांदळाएवढं. शेजारी आणखी एक फुटत होतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. "आई!" सोनियाची हाक आली, ठरल्यापेक्षा किती तरी लवकर. "आई, बघ तुझी बाळी कशी रांगतीय! थांबतच न्हाई, सरळ घरात निघालीय!"

फरशीवर छोटे तळहात पटपट वाजायला लागले. ओसरी ओलांडून आवाज स्वयंपाकघराकडं गेला, थांबला आणि मधल्या खोलीकडं वळला. मांडीवरची वाकळ त्या आवाजाच्या दिशेनं सरकली.

बनुबाईनं बोट ओढून घेतलं नाही. उलट आणखी आत दिलं. दात शिवशिवायला लागले की लेकरू समोर येईल ते चावतं, आणि मन रमलं की दुसरीकडं बघत नाही. कळ पार खांद्यापर्यंत गेली. दार हळूच ढकललं गेलं आणि फटीतून एक गोरा, गुबगुबीत हात आत आला.

"आवं!" तिनं परसाकडं तोंड करून हाक दिली, आणि आवाज जमेल तेवढा हसरा ठेवला. "बाळीला उचला आधी! तिला तुमची वांगी दावा, मांडव दावा, लय येळ फिरवून आणा. माझं हात गुंतल्यात."